तपासलेला पंप

काशीराम शाळेत शिपाई म्हणून लागला तेव्हा चाळिशीला टेकला होता. नेऱ्याच्या पुढच्या एका गावातून तो रोज सायकलने पनवेलला यायचा. पहिल्याच आठवड्यात त्याने व्हरांड्यात टांगलेल्या आगीच्या चार लाल बादल्या खाली उतरवल्या. त्यांत वाळू असायला हवी होती. निघाल्या सुपारीच्या पुड्या, खडूचे तुकडे, कुणाचा तरी एक मोजा, आणि चौथ्या बादलीत चिमणीचं घरटं. त्याने गाढी नदीवरून वाळू आणली, चाळली, उन्हात वाळवली आणि तीन बादल्या भरल्या. चौथीवर कागद चिकटवला: ‘ही बादली सध्या चालू नाही.’

मुख्याध्यापिका वसुंधराबाई तो कागद वाचून इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

“अरे काशीराम, आग लागली तर कोण वाचत बसणार हे?”

“म्हनून तर आदीच लिवलाय बाई. ऐन वक्ताला कुनी ती बादली उचलली तर?”

हसण्यासारखं होतं, पण त्याच्या जिवाला ते हसणं नव्हतं. शाळेत येण्याआधी चौदा वर्षं तो तळोज्याकडच्या एका रसायनांच्या कंपनीत हेल्पर होता. तिथे प्रत्येक टाकीजवळ एक उभा नळ असे आणि वर परातीएवढा झारा. अंगावर ॲसिड उडालं की धावत जाऊन त्या झाऱ्याखाली उभं राहायचं आणि साखळी ओढायची. एके दिवशी त्याच्याच गावचा काळूराम चेहरा दाबत त्या झाऱ्याखाली आला, साखळी ओढली, आणि वरून पाण्याचा एक थेंब पडला नाही. वापराविना नळाचा व्हॉल्व्ह गंजून बसला होता. काशीरामने त्याचा हात धरून त्याला ऐंशी पावलांवरच्या हौदापर्यंत पळवत नेलं. काळूरामचा डावा डोळा गेला.

मग कंपनीच्या साहेबाने नियम केला. संकटात लागणारी प्रत्येक वस्तू दिवसातून दोनदा, पाळी सुरू होताना आणि जेवणाच्या सुट्टीनंतर, प्रत्यक्ष चालवून बघायची. नुसतं बघून ‘आहे’ म्हणायचं नाही. चालवायची आणि भिंतीवरच्या तक्त्यात खूण करायची. हे काम काशीरामने मागून घेतलं. सहा वर्षं तो दिवसातून दोनदा साखळी ओढत होता. धो धो पाणी कोसळलं की त्याला पोटभर जेवल्यासारखं वाटायचं. अठ्ठ्याऐंशी साली कंपनीला टाळं लागलं. सगळे कामगार देण्याघेण्याचं बोलत फाटकाबाहेर बसून होते तेव्हा हा वेडा वॉचमनला विचारत होता, “आत झारे कोन बघतो आता?”

घरी त्याची बायको गुणाबाई म्हणायची, “ह्यांना मसनात नेतील ना, तवा पन उठून इचारतील, लाकडा सुकी हायत का रं?”

शाळेतली पोरं त्याला काशीमामा म्हणत.

चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये, शाळा उघडली त्याच आठवड्यात, फरिदा तिच्या मुलीला घेऊन ऑफिसात आली. फरिदाचा नवरा महमूद आखातात नोकरीला होता. ती सासूबरोबर आणि दोन मुलांबरोबर मोहल्ल्यात राहायची. मोठी शबनम पाचवीत आली होती. हाडापेरानं बारीक, बोलायला मात्र चुरचुरीत. तिला दम्याचा त्रास होता. फरिदाने पिशवीतून एक निळा पंप काढून टेबलावर ठेवला. तळहातात मावेल एवढा, वर धातूची छोटी डबी, खाली तोंडात धरायची नळी.

“बाई, हा शाळेत ठेवाल का? हिला दम लागला तर दोन फवारे द्यायचे, बस. डॉक्टरांनी चिठ्ठी दिलीय. शबनमचे अब्बा दोन घेऊन आले होते. एक घरात ठेवलाय, एक इथे.”

वसुंधराबाईंनी पंपाला हात लावला नाही. तेव्हा पंप म्हटलं की लोकांना धास्ती वाटायची. एकदा पंप लागला की जन्माची सवय लागते, असं सगळे म्हणायचे. मेडिकलमधून पंप न्यायचा तर तो वर्तमानपत्रात गुंडाळून मागायचे.

“तिला स्वतःजवळ का नाही ठेवत?”

“पोरं हिसकावतात. गेल्या वर्षी पंप उडवून होळी खेळली,” शबनमच मध्ये बोलली.

“तू गप. बाई, दवाखान्यात पोचेपर्यंतचाच प्रश्न आहे. ती दहा मिनिटं निघाली पाहिजेत.”

“अहो, पण औषधाची जबाबदारी शाळेने कशी घ्यायची? उद्या काही कमीजास्त झालं तर?”

पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा असलेला काशीराम म्हणाला, “बाई, मी बघतो ना.”

“तू बघणार! म्हणजे आता त्याच्यावर पण पाटी.”

पण बाईंनी हो म्हटलं. कारण दुसरं कुणी म्हटलं असतं तर त्यांचा विश्वास बसला नसता. काशीराम ‘बघतो’ म्हणाला की ते बघितलं जाणार, हे शाळेतल्या बाकांनासुद्धा माहीत होतं.

फरिदाने त्याला शिकवलं. टोपण काढायचं, पंप खळाखळा हलवायचा, पोरीला श्वास पूर्ण सोडायला लावायचा, नळी तोंडात, दाबायचं, त्याच क्षणी श्वास आत ओढायला सांगायचा, मग दहा आकडे रोखून धरायचा. काशीरामने तीनदा म्हणून दाखवलं. खोक्यात एक पत्रक होतं. एका बाजूला अरबी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. ते त्याने नीट घडी करून कपाटाच्या खणात ठेवलं. वाचणारं शाळेत कुणीतरी निघालंही असतं. पण वाचून दाखवा म्हणायचं कुणाला सुचलं नाही. बाईंना नाही, फरिदाला नाही, त्यालाही नाही.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. सकाळची घंटा देऊन झाली की काशीराम ऑफिसातलं लोखंडी कपाट उघडायचा, पंप हलवायचा, खिडकीकडे तोंड करून दाबायचा. फुस्स! पांढरट धुकं उडायचं आणि विरायचं. मधली सुट्टी संपली की पुन्हा एकदा. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला त्याने तक्ता चिकटवला होता, कंपनीतल्यासारखाच, वर महिना, खाली तारखा, प्रत्येक तारखेला दोन चौकोन. पंप चालला की चौकोनात बरोबरची खूण.

खिडकीबाहेर पोरं जमायची. शबनमही असायची.

“मामा, आमची हजेरी एकदाच आणि पंपाची दोनदा?”

“तू दांडी मारतेस. तो मारत नाय.”

“आणि त्याने एक दिवस ‘हजर’ नाही म्हटलं तर?”

“तर मी त्याच दिशी तुज्या आईला सांगन, दुसरा दे. म्हनून तर बघतो.”

जुलैमध्ये पहिली वेळ आली. पावसाने कोंदटलेल्या वर्गात शबनमला धाप लागली. दोन बाकांच्या मध्ये ती खांदे वर ओढून उभी राहिली, छातीतून शिट्टी वाजत होती. काशीराम पंप घेऊन आला, शिकवल्याप्रमाणे सगळं केलं. एक फवारा, मग दुसरा. पाचेक मिनिटांत तिचे खांदे खाली आले. दहा मिनिटांत ती पाणी मागत होती. वसुंधराबाईंनी पदराने स्वतःचाच घाम पुसला. ऑगस्टमध्ये पुन्हा तसंच. आता शाळेचा पंपावर विश्वास बसला. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांना बाईंनी कपाट उघडून तक्ता दाखवला, आणि काशीरामने त्यांच्यासमोर दोन फवारे मारून दाखवले. अधिकारी म्हणाले, “वा! जिल्ह्यात असं कुठे बघितलं नाही.” त्यांच्या बरोबरच्या माणसाने आणखी एक मारून बघितला, गंमत म्हणून.

काशीरामने त्या दिवशी घरी जाताना गुणाबाईसाठी जिलेबी नेली. “कंपनीत सहा वर्सां केला, कुनी वा म्हनला नाय,” तो म्हणाला.

जानेवारीत स्नेहसंमेलन होतं. माळ्यावरचे मखमली पडदे काढले. वर्षभराची धूळ आणि उंदरांच्या लेंड्या त्यांत होत्या. गुरुवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर मोठ्या मुलांनी ते पडदे हॉलमध्येच झटकले. नाचाच्या तालमीला आलेल्या पाचवीच्या मुली तिथे उभ्या होत्या.

काशीराम पोचला तेव्हा शबनम पायरीवर बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. त्याच्या हातात पंप होता, तो आताच, दहा मिनिटांपूर्वी, तपासलेला. त्याने हलवला, दाबला. फुस्स झालं. तिने ओढला, रोखला. दुसरा. तोही फुस्स झाला.

“बस. आता पाच मिन्टां,” तो म्हणाला. “घाबरायचा नाय. औसद गेलाय आत.”

पाच मिनिटं झाली. शिट्टी तशीच. त्याने आणखी दोन दिले. वसुंधराबाई आल्या, म्हणाल्या, “दवाखान्यात नेऊ या का?” काशीरामच म्हणाला, “थांबा बाई. गेल्या टायमाला पन धा मिन्टां लागली व्हती.” हे वाक्य त्याचं होतं. नंतर कुणी ते काढलं नाही, पण त्याच्या कानातून ते गेलंच नाही. बाईंनी घड्याळ बघितलं आणि थांबल्या. सगळेच थांबले, कारण औषध दिलेलं होतं. फवारा सगळ्यांनी डोळ्यांनी बघितला होता. पंप नसता तर पहिल्याच मिनिटाला काशीरामने पोरीला खांद्यावर टाकून पळ काढला असता. दवाखाना शाळेपासून दहा मिनिटांवर होता.

पंचवीस मिनिटं गेली. आठ-दहा फवारे झाले. मग शिट्टी कमी झाली. एक शिक्षिका म्हणाली, “बघा, उतरतंय.” उतरत नव्हतं. शिट्टी वाजवायलाच हवा उरली नव्हती. तिचे ओठ जांभळे दिसले तेव्हा काशीरामने तिला उचललं. रिक्षा मिळाली. तिने त्याच्या शर्टाचं बटण मुठीत धरलं होतं. दवाखान्याच्या दारात मूठ सैल झाली.

डॉक्टरांनी पाऊण तास प्रयत्न केले. मग बाहेर येऊन ते एवढंच म्हणाले, “अर्धा तास आधी आणायला हवं होतं.”

शबनमला त्याच दिवशी संध्याकाळी पुरलं. महमूद तिसऱ्या दिवशी आला. त्याला मुलीचं तोंडही दिसलं नाही.

शाळा समितीची बैठक झाली. काशीरामला आत बोलावलं. त्याने जे जसं झालं ते सांगितलं. वसुंधराबाईंनी कपाटाच्या दारावरचा तक्ता सोडवून टेबलावर ठेवला. जूनपासून जानेवारीपर्यंत शाळेच्या एकाही दिवसाचा चौकोन रिकामा नव्हता. समितीचे लोक तो तक्ता हातोहात फिरवून बघत राहिले. शाळेने पंप सांभाळला होता, रोज तपासला होता, वेळेवर दिलाही होता. मग दोष राहिला तो पंपातल्या औषधाचा. बाहेरच्या देशातला माल, कुणी बघितलाय कसा असतो? जुना असेल. तारीख गेलेली असेल. ठराव झाला की यापुढे कोणत्याही विद्यार्थ्याचं कोणतंही औषध शाळेत ठेवलं जाणार नाही. ती सूचना टाइप करून काशीरामच्याच हातात दिली. त्याने ती फळ्याशेजारी चिकटवली.

ही गोष्ट मोहल्ल्यात पोचायला वेळ लागला नाही. शाळेत दिलेला पंप खराब होता. फरिदाकडे दोन होते. एक घरात ठेवला, एक शाळेत दिला. मग शाळेत कुठला दिला? सासूने तोंडावर विचारलं. फरिदाला आठवत होतं की एका पंपाची मुदत लवकर संपणार होती आणि एकाची उशिरा. दम्याचा जोर पहाटे असतो, म्हणून चांगला आपण घरात ठेवला असणार, असं तिला वाटलं. वाटलं, मग पक्कं झालं. महमूदने घरातला पंप गच्चीवर नेऊन दगडाने चेचला. चाळिसाव्या दिवसाचा विधी करून तो परत गेला.

इकडे वसुंधराबाईंनी शाळेतला पंप काशीरामच्या हातात दिला होता. “हे कुठेतरी टाकून ये. माझ्या डोळ्यांसमोर नको.”

त्याच्याने टाकवेना. पाच-सहा आठवडे तो पंप त्याच्या सायकलच्या पिशवीत होता. शेवटी एका दुपारी तो एस.टी. स्टँडसमोरच्या मेडिकल दुकानात गेला. तिथे धर्मराज नावाचा कंपाउंडर बसायचा. गुणाबाईच्या गोळ्या काशीराम त्याच्याकडूनच न्यायचा.

“धर्मराजभाऊ, ह्याच्यातला औसद खराब हाय का, कलंल का तुला?”

धर्मराजने डबी बाहेर काढली, उलटीपालटी केली. “तारीख तर पुढच्या वर्षाची आहे. खराब कशाने होईल?” त्याने ती कानाजवळ हलवली. मग काउंटरवरच्या स्टीलच्या ग्लासात पाणी होतं, त्यात सोडली. डबी आडवी होऊन वर तरंगायला लागली.

“रिकामी आहे हो ही. भरलेली असती तर तळाला गेली असती.”

“रिकामी कशी? फवारा येतो की. ह्यो बघ.” काशीरामने पंपात डबी बसवून दाबली. फुस्स.

“येणारच. तो गॅस आहे. औषध संपतं, गॅस मागे उरतो. दोनशे फवाऱ्यांचं औषध असतं यात, लिहिलेलं असतं डबीवर. त्याच्यापुढे नुसती हवा. बाहेरून कळत नाही. कोणी वापरला एवढा?”

काशीरामने पंप उचलून पिशवीत टाकला. धर्मराज दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

शाळेत येऊन त्याने तक्ता काढला. ऑफिसात कुणी नव्हतं. पेन्सिल घेऊन तो खुणा मोजायला लागला. तेरा जूनपासून. मधे शबनमचे चार, अधिकाऱ्यांपुढचे तीन. तसे तीन वेळा मोजले. तिन्ही वेळा दोनशेचा आकडा दसऱ्याच्या आसपास आला. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत, शाळा भरली तेवढे सगळे दिवस त्याने हवा तपासली होती. आणि तिच्या वाटचं औषध त्याने आधीच, रोज दोन वेळा, खिडकीतून बाहेर सोडलं होतं.

कंपनीच्या नळाला मागून टाकीचं पाणी होतं. कितीही ओढा साखळी. पंपाच्या मागे काहीच नव्हतं. एवढा फरक त्याला कुणी सांगितला नव्हता, आणि त्यालाही विचारावासा वाटला नव्हता.

तो वसुंधराबाईंच्या घरी गेला. त्या भाजी निवडत होत्या. त्याने पंप आणि तक्ता पुढे ठेवून सगळं सांगितलं. बाईंच्या हातातली गवार तशीच राहिली.

“कुणाला बोललास हे?”

“नाय. पन सांगाया पायजे बाई. ती पोरीची आय म्हनते, मीच खराब पंप दिला. तिचा काय पन चुकला नाय. माझा हाय सगला.”

“बस खाली. ऐक माझं. मुलगी कुणाची? शिपाई कोण? मुंबईच्या दंगलीला दोनच वर्षं झालीत. ‘शिपायाने औषध उडवून टाकलं,’ एवढं एक वाक्य बाहेर गेलं तर लोक पुढचं ऐकणार आहेत का? तू मुद्दाम केलंस म्हणतील. मग दुसरे उठतील तुझ्या बाजूने. तुला नको असलेले लोक उठतील, काशीराम. तुला आवरतील ते?”

“पन खरा ते खराच ना.”

“मीही थांबले तिथे. मीही घड्याळ बघत बसले.” बाई रडायला लागल्या. पासष्ट पोरांच्या वर्गाला नजरेने गप्प करणारी ती बाई, भाजीच्या ताटात तिची आसवं पडत होती. “माझी दोन वर्षं राहिलीत. मला नाही हे पेलणार.”

पंप त्यांनी ठेवून घेतला. तो पुन्हा काशीरामला दिसला नाही.

तो गप्प बसला. मार्च गेला, एप्रिल गेला. शाळेत घंटा देत होता, पाणी भरत होता. बादल्यांतल्या वाळूला हात लावत नव्हता. त्याला काही तपासायचीच भीती वाटायला लागली होती. रात्री दाराची कडी लावली का ते बघायला गुणाबाईला उठावं लागायचं. एकदा तिने विचारलं, तर त्याने तिला सगळं सांगितलं. ती उठून दाराची कडी बघून आली. मग म्हणाली, “तुमी तिला नाय मारला. पन तिच्या आयशीला तरी सांगा. ती बाई जिती जलतेय.”

“बाई नको म्हंतात.”

“बाईंची पोर नाय गेली.”

तरी त्याचे पाय उचलेनात. ते उचलले जूनमध्ये, दुसऱ्याच कारणाने. मोहल्ल्यातल्या एका सातवीच्या मुलीने बोलता बोलता सांगितलं की शबनमच्या धाकट्या भावाला, पाच वर्षांच्या अझहरला, आता तसाच दम लागतो. डॉक्टरांनी पंप लिहून दिला, पण फरिदाचाचीने चिठ्ठी फाडून टाकली.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर तो गेला. फरिदाने दार उघडलं. तिने त्याला ओळखलं, आत बसवलं. पाच महिन्यांत ती दहा वर्षांनी म्हातारी झाली होती. आतल्या खोलीच्या दारावर पडदा होता. पडद्यामागे सासू पोराच्या पाठीला तेल चोळत होती. काशीरामला ती शिट्टी बसल्या जागी ऐकू आली.

“भाभी, मी एक सांगाया आलोय. शांतपनी ऐका.”

त्याने सांगितलं. कंपनीतला नळ, तक्ता, दोन वेळा, दोनशे फवारे, पाण्यात तरंगलेली डबी. शेवटी तो म्हणाला, “तुमचा पंप चांगला व्हता. तारीख पन पुडची व्हती. मी रिकामा केला त्याला. मारायचा तर मला मारा, पन ह्या पोराला पंप द्या.”

फरिदा त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग यावा म्हणून तो वाट बघत होता. राग आला नाही.

“तुम्हाला बाईंनी पाठवलं का?”

“नाय. अल्लाची आन, नाय.”

“मग कुणाच्या मनात आलं हे? काशीरामभाऊ, तुम्ही माझं मन राखायला बोलताय. मला कळतं. तो तक्ता बाईंनी आणून दाखवला होता मला. एकही दिवस चुकला नाहीत तुम्ही. स्वतःच्या बापाने केलं नसतं तेवढं केलंत.”

“भाभी, तेच तर चुकला. तेच...”

“आणि फवारा तर सगळ्यांनी बघितला. शेवटपर्यंत येत होता. रिकाम्यातून कधी येतं का काही?”

“येतं. मेडिकलमदल्या धर्मराजला इचारा. पंप आना एक, पान्यात टाकून दाखवतो.”

‘पंप आणा’ म्हटल्याबरोबर ती उभी राहिली. “ते नाव या घरात घेऊ नका. हात जोडते. एकीला मी दिला तो. चांगला घरात ठेवला आणि वाईट शाळेत नेऊन दिला, माझ्या या हाताने. आता याला नाही देणार. गोळ्या आहेत, दुवा फुंकून दम केलेलं पाणी आहे, बाकी अल्लाह बघेल.”

“भाभी, गोली पोटात जाऊन चडेपर्यंत...”

“चहा ठेवते तुम्हाला.”

“चहा नको. माज्यावर इस्वास ठेवा.”

“आहे ना. तुमच्यावरच आहे.” तिने पदराच्या टोकाने डोळे टिपले. “तिच्या शेवटच्या वेळेला तुम्ही जवळ होतात, एवढं एक बरं झालं. बाकी तुम्ही जिवाला लावून घेऊ नका.”

ती त्याचं सांत्वन करत होती. त्याच्याकडे पंप नव्हता. तक्ता होता तो तिने त्याच्याच बाजूने वाचला होता. आयुष्यात त्याने जी एक गोष्ट कमावली होती, काशीराम चुकत नाही ही, तीच भिंतीसारखी मध्ये उभी होती. धडका मारल्या तरी तिला तडा जाईना.

पडद्यामागून पोराचा खोकला आला, लांबलेला, मग एकदम थांबलेला. सासू मोठ्याने दुवा म्हणायला लागली. फरिदा आत धावली.

काशीराम उंबऱ्याशी उभा राहिला. आत जाता येत नव्हतं आणि पायरी उतरवत नव्हती. थोड्या वेळाने पोराने श्वास घेतल्याचा आवाज आला. मग पुढच्या श्वासाची वाट.